वऱ्हाडांतील तंत्रविद्येचे विद्यार्थी : वसतिगृह, महाविद्यालय व विद्यापीठ

वऱ्हाडच्या अर्वाचीन इतिहासासंबंधीं जें लेखन झालें आहे त्यांत कापूस, आगगाडी, निजामाशीं झालेले तह आणि राजकीय चळवळी यांस पुष्कळ जागा मिळाली आहे. शिक्षणाचा विचार झाला तो बहुधा संस्था व त्यांचे संस्थापक यांच्या अंगानें झाला. ज्यांच्याकरितां या संस्था निघाल्या त्या विद्यार्थ्यांचा, आणि त्यांतही अभियांत्रिकी व कृषि या विद्या शिकूं पाहणाऱ्यांचा, स्वतंत्र विचार क्वचितच केलेला आढळतो. प्रस्तुत लेखांत तो मुख्यतः अमरावती व अकोला या दोन शहरांपुरता करावयाचा आहे. या विचारांतून जी गोष्ट स्पष्ट होते ती प्रारंभींच सांगून टाकणें बरें. अन्यत्र आधीं महाविद्यालय अगर विद्यापीठ स्थापन होतें व मागाहून त्याच्या आवारांत विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याची सोय होते. वऱ्हाडांत हा क्रम उलट झाला. येथें आधीं वसतिगृह आलें, नंतर तंत्रविद्येचें महाविद्यालय आणि त्यानंतर विद्यापीठ. आणि हें विद्यापीठ तर विद्यार्थ्यांस रस्त्यावर येऊन मागून घ्यावें लागलें. या उलट्या क्रमाचा ठसा येथील विद्यार्थिजीवनावर अद्यापि उमटलेला दिसतो.

इ. स. १८५३ च्या तहान्वयें निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. लगेच पुढच्या वर्षीं, १८५४ त, सरकारी बांधकामखात्यांतील कनिष्ठ नोकरांस तयार करण्याकरितां पुण्यास अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. पुढें त्याचेंच सुप्रसिद्ध महाविद्यालय झालें. रुरकीचें महाविद्यालय त्याहून सात वर्षांनीं जुनें. मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ त निघाली. अमरावतीस सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें तें मात्र १९६४ त. पुण्याचा वर्ग आणि अमरावतीचें महाविद्यालय यांमध्यें ११० वर्षांचें अंतर पडलें. प्रांत दरिद्री होता म्हणून असें झालें, असें कोणी म्हणेल तर तें टिकणारें नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसास मोठा भाव आला. १८६७ त आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरापर्यंत पोंचली. कारंजा येथें १८८६ त कापसाचा नियमबद्ध बाजार सुरू झाला आणि १८९७ त त्याकरितां खास वऱ्हाडचा कायदाही झाला. पैसा होता, बाजार होता, दळणवळण होतें. उणीव होती ती राजधानीची. वऱ्हाडचा कारभार १९०३ पर्यंत हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता. तदनंतर तो प्रांत मध्यप्रांतास जोडला गेला व राजधानी नागपूर झाली. १९५६ त मुंबई राज्यांत समावेश झाला आणि १९६० त महाराष्ट्रांत. कारभाराचें ठाणें प्रत्येक वेळीं दुसरीकडे, आणि उच्च शिक्षणाच्या संस्था ठाण्याच्या आश्रयानें वाढतात. अमरावतीस १९२३ त सातव्या एडवर्ड बादशहाच्या नांवानें महाविद्यालय निघालें खरें, आणि आजच्या विदर्भ महाविद्यालयाचा तो प्रारंभ होय; परंतु तें वाङ्मय व शास्त्र या शाखांचें. कारखाना अगर शेत यांचा संबंध असलेली विद्या पाहिजे असल्यास गांव सोडल्यावांचून गति नव्हती.

त्यामुळें वऱ्हाडी मुलाचा तंत्रविद्येचा पहिला अनुभव म्हणजे प्रवास. अभियांत्रिकी शिकावयाची तर भुसावळ-मनमाडच्या वाटेनें पुणें किंवा मुंबई. शेतकी शिकावयाची तर पूर्वेस नागपूर, कारण तेथें १९०६ त कृषि महाविद्यालय निघालें होतें. आणि शहरांत पाऊल टाकतांच पहिला प्रश्न उभा राही तो वर्गांतील बांकाचा नसून जेवणाच्या पानाचा. गरीब विद्यार्थ्यानें आठवड्याचे सात वार सात घरीं लावून जेवावें व विद्या करावी, ही महाराष्ट्रांतील जुनी रीत होय. या रीतीचें कौतुक आपल्या चरित्रग्रंथांत व आत्मवृत्तांत भरपूर आहे, आणि तें अस्थानीं आहे असेंही नाहीं. परंतु त्या कौतुकांत एक गोष्ट दृष्टीआड होते. वार लागत ते जातीच्या पंक्तींत. ज्या ज्ञातींत शिकूनसवरून शहरांत स्थिर झालेलीं घरें पुष्कळ होतीं, त्या ज्ञातीच्या मुलास सात उंबरे मिळत. कुणबी, माळी, धनगर यांच्या मुलास ते कोठून मिळावे? त्याच्या जातीचें घर शहरांत असलेंच तर तें बहुधा हातावर पोट असलेल्याचें. अन्य ज्ञातीच्या पंक्तींत त्याला पान नाहीं. महार-मांगांच्या मुलाची गोष्ट तर बोलावयासच नको. त्याला पाण्याचीही पंचाईत. वऱ्हाडांतील बहुजन समाज शिक्षणांत मागें कां राहिला याचीं कारणें शोधतांना फीचे आंकडे पाहिले जातात, पानाचा हिशेब पाहिला जात नाहीं. माझ्या मतें तोच अधिक महत्त्वाचा आहे.

या दृष्टीनें पाहिल्यास डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या कार्याचा आरंभ वसतिगृहापासून झाला यांत नवल नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील पापळ या गांवीं ता. २७ डिसेंबर १८९८ रोजीं शेतकरी घराण्यांत त्यांचा जन्म झाला. अमरावतीस माध्यमिक शिक्षण, पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालय, आणि १९२० त विलायतेस प्रयाण. एडिंबरोची पदवी, वैदिक धर्माच्या उत्पत्तिविकासावरील प्रबंधास ऑक्सफर्डची डॉक्टरेट, आणि बॅरिस्टरी असें सर्व संपादून ते १९२६ त परत आले. इतका विद्वान् मनुष्य परत आल्यावर प्रथम ग्रंथ लिहील किंवा महाविद्यालय काढील अशी अपेक्षा असते. त्यांनीं मुष्टिफंड काढला. मुष्टिफंड म्हणजे घरोघरीं दळणकांडणाच्या वेळीं बाजूस काढून ठेवलेली मूठभर धान्याची वर्गणी. या धान्यावर अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चाललें. वार आणि मूठ यांतील भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. वारांत देणारा घेणाऱ्यास ओळखतो. त्याची जात, त्याचें कुल विचारून त्याला पंक्तीस बसवितो. मुठींतील ज्वारी एकदां पोत्यांत पडली कीं ती कोणाच्या घरची आणि कोणाच्या ताटांत जाणार हें कोणासच सांगतां येत नाहीं. एवढ्याशा फरकानें जातीची पंक्ति मोडली आणि खेड्यांतील मुलाचें शहरांत राहणें शक्य झालें. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न अमरावतींत पेटला तो याच सुमारास, १९२७ त. आणि पंजाबराव जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करण्याचा उपक्रम झाला. ताट, देऊळ व विहीर या तीन ठिकाणचा हा एकच लढा होता.

अर्थात् वसतिगृहाची ही कल्पना वऱ्हाडांत प्रथम निघाली असें मात्र समजूं नये. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींचीं वसतिगृहें काढविलीं. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांचें सर्व ज्ञातींच्या मुलांस एकत्र ठेवणारें छात्रालय १९२४ चें. कोल्हापुरास दरबारचा आश्रय होता, साताऱ्यास विद्यार्थ्यांच्या श्रमाचा आधार होता, अमरावतीस कुणब्याच्या कणगीचा. पंजाबरावांनीं १९३२ त श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली व तिच्या शाळा-महाविद्यालयांचें जाळें पुढें वऱ्हाडभर पसरलें. परंतु त्याच्या मुळाशीं ही मूठ आहे. तंत्रविद्येच्या महाविद्यालयांत मागाहून जो विद्यार्थिवर्ग आला तो या छात्रालयांतून मॅट्रिक झालेल्यांच्या पुढच्या पिढीचा होता, हें विसरतां कामा नये.

आतां अकोल्याकडे वळूं. कापसाच्या सुधारणेकरितां अकोल्यास सरकारी प्रयोगक्षेत्र विसाव्या शतकाच्या आरंभापासून होतें. तेथें वाण निवडले जात, पेरले जात, मोजले जात. पण तें क्षेत्र होतें, विद्यालय नव्हे. तेथील ज्ञान शिकावयाचें तर अकोल्याच्या मुलानें नागपुरास जावें, अशी विलक्षण स्थिति जवळजवळ अर्धें शतक होती. अकोल्यास कृषि महाविद्यालय निघालें तें १९५५ त. ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळांत पुढील सर्व प्रकरण घडलें ते वसंतराव नाईक स्वतः पुसद तालुक्यांतील गहुलीचे, म्हणजे वऱ्हाडचेच. आणि त्यांसही उच्च शिक्षणाकरितां नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयांत जावें लागलें होतें.

हें प्रकरण म्हणजे कृषि विद्यापीठाची चळवळ. तिची पार्श्वभूमि थोडी मागची आहे. भाषावार प्रांतरचनेच्या वेळीं विदर्भाच्या मनांतील धास्ती घालविण्याकरितां १९५३ त नागपूर करार झाला. पुढें राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांचा स्वतंत्र उल्लेख होऊन, तंत्रशिक्षण व व्यवसायशिक्षण यांच्या पुरेशा सोयींची न्याय्य व्यवस्था करण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोंपविण्याची तरतूद आली. घटनेसारख्या दस्तऐवजांत एखाद्या प्रदेशाच्या नांवासह तंत्रशिक्षणाचा निर्देश यावा, ही गोष्ट आपल्याकडील इतिहासलेखकांनीं दाखवितात त्याहून अधिक आस्थेनें पाहण्यासारखी आहे. या तरतुदीप्रमाणें वैधानिक विकास मंडळें प्रत्यक्षांत आलीं तीं १९९४ त. मधला काळ विद्यार्थ्यांनीं कसा काढला त्याचें उत्तर १९६७ च्या घटनांत आहे.

राज्यांत एकच कृषि विद्यापीठ स्थापन होणार आणि तें पश्चिम महाराष्ट्रांत, नगर जिल्ह्यांतील राहुरीस, असें दिसूं लागतांच वऱ्हाडांत असंतोष उसळला. राहुरी हा ऊस व कालव्याचा मुलूख. वऱ्हाड हा पावसावर अवलंबून असलेल्या कापूस-ज्वारीचा. एका मुलखाची शेतकी दुसऱ्या मुलखांत बसून शिकतां येत नाहीं, हा युक्तिवाद शास्त्रदृष्ट्या बिनतोड होता. परंतु केवळ युक्तिवादानें काम झालें नाहीं. ऑगस्ट १९६७ मध्यें अकोल्यास जें आंदोलन झालें त्यांत विद्यार्थी आघाडीस होते. पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत माणसें मृत्यु पावलीं. पुढें १९६८ त महाराष्ट्र कृषि विद्यापीठ राहुरीस स्थापन झालें, आणि त्याचें विभाजन होऊन ता. २० ऑक्टोबर १९६९ रोजीं अकोल्याचें स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वांत आलें. पंजाबराव १९६५ त वारले होते. त्यांचें नांव या विद्यापीठास देण्यांत आलें. ‘पंजाबराव कृषि विद्यापीठ’ या मूळ नांवाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून अकोल्यांतील लोक त्यास अद्यापि ‘पीकेव्ही’ असेंच म्हणतात. परभणी व दापोली येथील विद्यापीठें १९७२ त झालीं. म्हणजे एका राज्यांत एकच कृषि विद्यापीठ हें धोरण महाराष्ट्रांत मोडलें तें अकोल्यानें, आणि त्याची वाट पुढें मराठवाडा व कोंकण यांस झाली.

अकोल्यांत जें विद्यापीठ आलें तें नागपूर विद्यापीठाच्या धर्तीचें नव्हतें. अमेरिकेंत अध्यक्ष लिंकन यांच्या काळांत, १८६२ त, एक कायदा होऊन प्रत्येक संस्थानास जमिनी देण्यांत आल्या व त्यांच्या उत्पन्नावर कृषि व यंत्रविद्येचीं महाविद्यालयें उभीं राहिलीं. शिक्षण, संशोधन व विस्तार, म्हणजे शिकविणें, शोधणें आणि शोधलेलें शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणें, हीं तीन कामें एकाच संस्थेनें करावयाचीं ही कल्पना त्या कायद्याच्या पोटीं तेथें वाढली. हिंदुस्थानांत या धर्तीचें पहिलें विद्यापीठ पंतनगर येथें १९६० त झालें. विद्यार्थ्याच्या दृष्टीनें या पद्धतीचा अर्थ फार निराळा होता. वर्षाअखेर एक परीक्षा, ती तपासणारा अज्ञात परीक्षक, आणि आधींचे आठ महिने मोकळे, हा जुना क्रम येथें राहिला नाहीं. जो शिकवितो तोच सत्रभर तपासतो. वर्गांतील गैरहजेरी लपत नाहीं, आणि शेतावरची तर मुळींच लपत नाहीं, कारण आपल्या वाफ्यांतील तण दुसऱ्यास दिसतेंच. पेरणीपासून काढणीपर्यंत एक पीक स्वतःच्या हातानें घ्यावयाचें हा अभ्यासक्रमाचा भाग. शेतकऱ्याच्या मुलास यांत नवें काय, असें वाटेल. नवें हें कीं, घरीं जें तो सवयीनें करीत होता त्याची येथें नोंद ठेवावी लागे. वावरांत बाप ‘पऱ्हाटी’ म्हणे. येथें तिला लॅटिन नांव होतें, ओळींतील अंतर सेंटिमीटरांत होतें आणि सरकीचें वजन ग्रॅमांत. डवरा व तिफण धरलेल्या हातास वही धरावयास शिकणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. भाषेची अडचण तर दुहेरी: बोली वऱ्हाडी, शाळेंत पुस्तकी मराठी, आणि महाविद्यालयांत एकदम इंग्रजी.

अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची गोष्ट याहून वेगळी आहे, पण एका ठिकाणीं दोन्ही वाटा मिळतात, तें ठिकाण म्हणजे वऱ्हाडची काळी माती. अकोल्याच्या विद्यार्थ्यास ती माती म्हणजे ओल धरून ठेवणारी, कापसास पोसणारी, जपण्याची वस्तु. अमरावतीच्या स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यास तीच माती वैरीण. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आक्रसते, हातहात खोल भेगा पडतात आणि तिच्यावर उथळ पायानें बांधलेल्या घराच्या भिंती दुभंगतात. रुरकीच्या इमारत-संशोधन संस्थेनें तळाशीं फुगीर केलेले कॉंक्रीटचे खांब खोल रोवण्याची रीत बसविली ती अशाच मातीकरितां. पुस्तकांतील हें प्रकरण इतर प्रांतांतील विद्यार्थी पाठ करतो. अमरावतीचा विद्यार्थी तें आपल्या खोलीच्या भिंतीवर वाचतो. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्याचेंही तसेंच. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यांत विहिरीचें पाणी खारें. तें पिण्यासही निरुपयोगी आणि ओलितासही घातक. कृषि व अभियांत्रिकी या दोन्ही विद्यांस हा प्रश्न खुणावतो, आणि जे विद्यार्थी त्या पट्ट्यांतील गांवांतून येतात त्यांना तो कोणी समजावून सांगावा लागत नाहीं.

१९८३ हें वर्ष वऱ्हाडच्या शिक्षणेतिहासांत ठळक अक्षरांनीं लिहावें लागेल. त्या वर्षीं १ मे रोजीं अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळें झालें. आणि त्याच वर्षीं राज्य सरकारनें विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयांस परवानगी दिल्यामुळें बडनेरा, शेगांव व पुसद येथें अभियांत्रिकी महाविद्यालयें निघालीं. एकशे दहा वर्षें एकही नव्हतें, आणि त्यानंतर वीस वर्षांच्या आंत चार. पूर्वीं वऱ्हाडी मुलगा परगांवीं खोली शोधीत असे. आतां परप्रांतींचा मुलगा बडनेऱ्यास व शेगांवास खोली शोधूं लागला. घरमालकांनीं माडीवर खोल्या चढविल्या, विधवा व गरजू बायांनीं खाणावळी व डबे चालविले. हा व्यवहार पैशाचा होता. त्यांत मुठीचें धान्य नव्हतें आणि ज्याच्यापाशीं पैसा नव्हता त्याला पुनः जुन्या ठिकाणींच उभें राहावें लागलें. अमरावती विद्यापीठास २००५ त संत गाडगे बाबांचें नांव मिळालें. ज्या पुरुषानें यात्रेकरूंकरितां धर्मशाळा बांधविल्या त्याचें नांव विद्यापीठास शोभतें. खेड्यांतून आलेल्या मुलाकरितां धर्मशाळेसारखें छप्पर किती आहे, हा प्रश्न त्या नांवाबरोबर आपोआप येतो.

राहतां राहिला तो सर्वांत कठीण प्रश्न. शेतकीची विद्या शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा शेतीकडे परततो काय? १९६७ त ज्यांनीं लाठ्या व गोळ्या झेलल्या त्यांची मागणी वऱ्हाडच्या शेतीस विद्येचा आधार मिळावा अशी होती. विद्यापीठानें कापसाचे व अन्य पिकांचे वाण दिले, ‘पीकेव्ही’ हें नांव बियाण्याच्या पिशवीवरून खेडोपाडीं गेलें, दरवर्षीं शिवारफेरीस हजारों शेतकरी येतात आणि विद्यार्थी त्यांस प्रयोगाचे वाफे दाखवितात. हें सर्व खरें. परंतु २००६ त केंद्र सरकारला शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें ज्या सहा जिल्ह्यांकरितां विशेष साहाय्य जाहीर करावें लागलें त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे वऱ्हाडचे पांचही जिल्हे होते, हेंही खरें. त्या वर्षांत जे विद्यार्थी अकोल्याच्या वसतिगृहांत राहत होते त्यांपैकीं कित्येकांचीं घरें याच जिल्ह्यांत होतीं. पदवी घेऊन त्यांनीं बँकेची, बियाणें कंपनीची अगर सरकारी स्पर्धापरीक्षेची वाट धरली तर त्यांस दोष कोणत्या तोंडानें द्यावा? बापानें जमीन कसून मुलास शिकविलें तें बहुधा मुलानें ती कसूं नये म्हणूनच. विद्यापीठाच्या स्थापनेमागील हेतु आणि विद्यार्थ्याच्या घरचा हेतु यांत हा जो विरोध आहे तो कोणाच्या आळसामुळें किंवा कृतघ्नतेमुळें उत्पन्न झालेला नाहीं. कोरडवाहू शेतीच्या जमाखर्चानें तो उत्पन्न केला आहे.

या विरोधाशीं विद्यार्थ्याची समोरासमोर गांठ पडते ती पदवीच्या शेवटच्या वर्षीं. ग्रामीण कृषि कार्यानुभव या नांवाखालीं त्या वर्षीं विद्यार्थ्यास एखाद्या गांवीं पाठविलें जातें. तेथील शेतकऱ्याबरोबर हंगामाचीं कामें करावयाचीं, माती तपासावयाची, बियाण्यास औषध लावण्याची रीत दाखवावयाची आणि रोजची वही लिहावयाची. या वह्या परीक्षेपुरत्या तपासल्या जातात व बहुधा रद्दींत जातात. इतिहासाच्या दृष्टीनें हें मोठें नुकसान आहे. एकाच गांवच्या पाठोपाठच्या वर्षांतील अशा वह्या लावून पाहिल्यास त्या गांवांत कापसाखालीं किती क्षेत्र होतें, विहिरींना पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरलें, बैल किती उरले, शेतकऱ्यानें कोणता वाण पेरला व कोणता टाकला, हें सर्व वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या हातच्या अक्षरांत मिळूं शकतें. पेशव्यांच्या कारकुनांनीं लिहिलेल्या गांवझाड्यांचे रुमाल आपण जपून ठेवले आहेत, आणि त्यांवर शेंकडों पानें लिहिलीं आहेत. अमरावती-अकोल्याकडे ज्यांच्या घरीं अशा वह्या, छात्रालयांचीं हजेरीपटें, खाणावळींचीं खातीं अगर १९६७ च्या आंदोलनाचीं पत्रकें असतील त्यांनीं तीं रद्दींत घालण्यापूर्वीं जवळच्या संग्रहालयास किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयास दाखवावीं. गांवाचें नांव व साल तेवढें वहीच्या पहिल्या पानावर शाबूत असावें.